शेणावर चालणारी गाडी

नाशकात नोकरी लागली तेव्हा मला राहायला खोली मिळेना. सातपूरच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. पगार वेळेवर होत होता, व्यसन नव्हतं, लग्न व्हायचं होतं. हे सगळं घरमालक मान डोलावत ऐकून घेत आणि मग आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. आम्ही बौद्ध. या 'काल'ची मला लहानपणापासून ओळख होती, तरी दर वेळी कानशिलं तापायचीच.

अक्कांकडे गेलो तो असाच एका रविवारी, सायकलवरून. गंगापूर रोड तेव्हा शहर संपल्यावर सुरू व्हायचा. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मधूनच एखादा नवा बंगला, पुन्हा मळे. गंगापूर गावाच्या जरा अलीकडे आंब्याखाली एक जुनापुराणा ट्रक उभा होता आणि त्याच्या उघड्या बॉनेटमध्ये नऊवारी नेसलेली एक बाई कमरेपर्यंत वाकलेली होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, हाडापेरानं मजबूत. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात काळे.

मी म्हणालो, "खोली द्यायची आहे असं कळलं. आधीच सांगून टाकतो, आम्ही बौद्ध आहोत."

त्यांनी मान वर केली नाही. "ते ऱ्हाऊ द्या. कार्ब्रेटर खोलता येतो का?"

"येतो."

"मग बाह्या वर करा."

दिवस मावळेपर्यंत मी कार्बुरेटर खोलला, साफ केला, पुन्हा बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मागल्या अंगाची खोली. मोरीला कडी नाय, ती तुम्हीच बसवा." त्यांचे दीर शेजारच्याच घरात राहायचे. ते दुसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन बराच वेळ घसा खाकरत बसले आणि मग म्हणाले, "वहिनी, भाडेकरू ठेवताना माणसानं जरा विचारपूस करावी."

"केली ना," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला कार्ब्रेटर खोलता येत असंल तर तुम्ही या ऱ्हायला."

दिरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. अक्का त्या दिवसापासून मला 'इंजिनियर' म्हणू लागल्या. मी डिप्लोमावाला, इंजिनियर नव्हे, हे मी अनेकदा सांगून पाहिलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

अक्कांना माणसांना नावानं हाक मारायची सवयच नव्हती. एक पंक्चरवाला, दुसरा उधळ्या, तिसरी सायखेड्याची, मी इंजिनियर. पण ट्रकला मात्र त्या 'अहो' म्हणायच्या. "अहो, आज काय झालंय तुम्हाला? चला, उठा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं, घरात आणखी कुणी आहे की काय म्हणून. ट्रक त्यांच्या नवऱ्याचा होता. देवळालीला मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघायच्या, त्यातून त्यांनी तो घेतलेला. पेट्रोलवर चालणारा, राक्षसासारखा पेट्रोल पिणारा. पुढे नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं, डॉक्टरांनी स्टिअरिंग धरायला मनाई केली, तेव्हा त्यांनी शेजारी बसून बायकोला गाडी शिकवली. ते गेल्यावर अक्का तेराव्याआधीच दूध घेऊन नाशकात गेल्या. लोक बोलले. अक्कांचं म्हणणं एवढंच, की म्हशींना सुतक कळत नाही.

"त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाय," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. "आता त्यांच्या गाडीला काय मारू?"

त्यांचा धंदा म्हणजे दूध. गिरणाऱ्यापासून गंगापूरपर्यंतच्या वस्त्यांवरून रोज सकाळी दूध गोळा करायचं आणि नाशकात हॉटेलांना, हलवायांना, घरगुती रतिबाला पोचवायचं. दूध घालणाऱ्या सगळ्या बायका. कुणाकडे एक म्हैस, कुणाकडे दोन. अक्का दूध न्यायला लागण्याआधी गावातला एक दलाल ते दूध उचलायचा. माप त्याचं, भाव त्याचा, आणि नासलं म्हणून परत करायचा दिवसही त्याचाच. त्यामुळे अक्कांची गाडी बंद पडली की त्या वस्त्यांवरच्या बायकांना पुन्हा त्या दलालाचंच दार धरावं लागायचं.

आणि गाडी बंद पडायची वेळ आलीच. अरबांनी तेलाचे भाव चढवले ते साल. पेट्रोल असं काही महागलं की नाशकात भल्याभल्यांच्या मोटारी ताडपत्रीखाली गेल्या. डिझेलची गाडी घ्या, असं सगळे अक्कांना सांगू लागले. ती घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी 'अहों'ना भंगारात घालायला त्या तयार झाल्या नसत्या.

त्या दिवसांत एका संध्याकाळी त्या ओसरीवर बसल्या होत्या. परसात गोबरगॅसची टाकी होती. सरकारी माणसांनी समजावून सांगितल्यावर त्यांनी ती पंचक्रोशीत सगळ्यांच्या आधी बांधून घेतली होती. स्वयंपाक त्याच्यावर व्हायचा. आत शेगडीवर चहा उकळत होता. अक्का त्या निळ्या ज्योतीकडे बघत होत्या.

"इंजिनियर, लढाईच्या टायमाला मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, ठाऊक हाय?"

मी ऐकून होतो. पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा मोटारीच्या मागं भट्टी लावत, कोळसा पेटवत आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवत.

"आमच्या ह्यांची मोटार तशी होती, निफाडच्या लाइनीला. नवीन लगीन झालेलं. चढ आला की हे मला म्हणायचे, उतर आणि भट्टी हलव. लुगडं सावरत मी भट्टी हलवायची आणि उतारू हसायचे." त्यांनी ज्योतीकडे बोट केलं. "कोळशाचा गॅस चालतो, तर शेणाचा का नाय चालायचा?"

मी म्हणालो, चालेल. शेतातली पंपाची इंजिनं त्याच्यावर चालतात. प्रश्न चालण्याचा नाही, सोबत नेण्याचा आहे. पेट्रोल डब्यात मावतं. हा गॅस फुग्यासारखा पसरलेला असतो. दाबून सिलिंडरात भरायचा तर मोठी यंत्रं लागतात, ती आपल्याकडे नाहीत. न दाबता न्यायचा तर खोलीएवढी पिशवी लागेल.

"मग खोलीएवढी पिशवी शिवू," अक्का म्हणाल्या आणि चहा गाळायला उठल्या.

पुढचं वर्षभर माझा एकही रविवार माझा राहिला नाही. आधी आम्ही ट्रकच्या जुन्या ट्यूबा एकमेकींना जोडून टपावर रचल्या. गॅस तेवढा मावला नाही, आणि मावला तो दर वळणावर फुसफुसत बाहेर आला. मग अक्कांनी देवळालीच्या भंगारवाल्याकडून रबर चढवलेलं जाड कापड मिळवलं. ते शिवायला शिंपी तयार होईना, सुई मोडायची. शेवटी भद्रकालीतल्या एका चांभारानं ते शिवलं, आणि पंक्चरवाल्यानं शिवणीवर सोल्युशनचे थर दिले. मी कारखान्यातून आल्यावर इंजिनाच्या तोंडाशी बसवायच्या जोडनळीचं ड्रॉइंग काढलं. एका बाजूनं हवा, दुसऱ्या बाजूनं गॅस. गॅसच्या बाजूला अक्कांनी स्वयंपाकघरातली पितळी तोटी काढून बसवली. तिला दोरी बांधून दोरी केबिनमध्ये घेतली. टाकीतला गॅस आधी चुन्याच्या निवळीच्या पिंपातून आणि मग लोखंडाच्या किसाच्या पिंपातून काढायचा, म्हणजे त्याच्यातली घाण मागे राहते, हे मी एका पुस्तकात वाचलं होतं. कीस आमच्या कारखान्यातल्या लेथखाली पडलेला. साहेबांना विचारून मी तो पोत्यातून आणायचो. साहेब म्हणायचे, "घरी नेऊन खातोस काय रे?"

ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा शेणावर चालली, त्या दिवशी टपावर ती पिशवी भरून टम्म फुगलेली होती आणि वरून दोऱ्यांनी आवळलेली होती. अक्कांनी पेट्रोलवर इंजिन चालू केलं, तापू दिलं. मग पेट्रोलचा कॉक बंद केला आणि हळूहळू दोरी ओढली. इंजिन अडखळलं, खोकलं, मरायला टेकलं. अक्का दातांवर दात आवळून म्हणाल्या, "अहो, ऐका." मी हवेची झडप जरा दाबली. आणि आवाज सुरात आला. एकसारखा, मऊ.

अक्का खाली उतरल्या नाहीत की हसल्या नाहीत. गिअर टाकून सरळ रस्त्याला लागल्या. मी धावत जाऊन फळक्याला लोंबकळलो. नाशकात पोचेस्तोवर टपावरची पिशवी पार खाली बसली होती आणि अशोक स्तंभापाशी गर्दी जमली होती. जाताना गॅस पुरला, येताना पेट्रोल लावावं लागलं. अक्कांना तेवढंच दिसलं. "निम्मं झालं," त्या म्हणाल्या. "निम्मं ऱ्हायलं."

त्यांच्याकडे या विषयावरची बरीच वचनं होती. पेट्रोल म्हणजे पाव्हणा, पाव्हण्याच्या भरवशावर संसार होत नसतो. शेण उचलायला लाजतो त्यानं दूध पिऊ नये. एकदा मी पेपरात वाचून सांगितलं, की मुंबईच्या समुद्रात तेल सापडलंय, त्याच्याबरोबर गॅसही आहे. आणि खरं म्हणजे तो गॅस आणि आपल्या टाकीतला गॅस एकाच जातीचे. पुढेमागे मोठमोठे ट्रक त्याच्यावर चालतील.

अक्कांनी नीट ऐकून घेतलं. "नाशकाला कधी येईल?"

"काय सांगावं? वीस-पंचवीस वर्षं लागतील."

"आला म्हणजे त्याच्यावर चालवू. तोवर म्हशी हायेत."

टाकीचे लाड मात्र त्या पोटच्या पोरीचे करावेत तसे करायच्या. टाकीला 'ही' म्हणायच्या. हिला आज जड झालंय, हिला कोमट पाणी घाला. थंडीत गॅस कमी यायचा, तर तिच्याभोवती उसाच्या पाचटाची गोधडी बांधायच्या. स्वतःच्या म्हशींचं शेण पुरेना, तेव्हा दूध घालणाऱ्या बायकांना त्यांनी फर्मान काढलं, की दुधाच्या चरवीबरोबर शेणाची पाटीही आणायची. त्या बदल्यात टाकीतून बाहेर पडणारं खत न्यायचं. बायका आधी हसल्या, मग त्या खतावर मेथी कशी येते ते बघून पाटीवर पाटी आणू लागल्या.

आणि विडीवर त्यांचा डोळा असायचा. गाडीच्या आसपास कुणी विडी पेटवली की हातात असेल ते त्या माणसाच्या अंगावर रिकामं करायच्या. पाणी असो, ताक असो. एका हलवायानं कुरकुर केली, "अक्का, लोक म्हणतात तुमच्या दुधाला शेणाचा वास येतो." अक्का म्हणाल्या, "गाडी काय खाते ते मी दुधात घालत नाय. तुम्ही काय खाता ते बासुंदीत घालता का?"

पण दरवेळी त्यांचं बरोबरच यायचं असं नाही. एका वर्षी अवकाळी पावसानं निफाडकडचे द्राक्षाचे घड वेलीवरच सडले. लोक ते बांधावर फेकत होते. अक्कांनी ट्रक भरून आणला. "एवढं गोड खाणं, ही दुप्पट गॅस देईल." मला शंका होती, मी ती बोलून दाखवली. त्यांनी ऐकलं नाही. पाट्यांमागून पाट्या द्राक्षं टाकीत गेली. दोन-चार दिवस गॅस खरंच उसळला, पण त्याला ज्योत धरेना. मग तोही आटला. टाकीतून आंबुस, नाक फाडणारा वास येऊ लागला. टाकीचं पोट आंबलं होतं.

गाडी पुन्हा पेट्रोलवर आली आणि त्या खर्चापायी दुधाचा भाव कमी करावा लागला. घरातली शेगडी बंद, चूल पेटली. बायकांनी शेण आणणं बंद केलं आणि दोघीतिघी तर पुन्हा दलालाकडे गेल्या. दीर म्हणाले, "टाकी उपसा आणि बुजवून टाका."

अक्का मला म्हणाल्या, "चूक माझी हाय, हिची नाय. हिला उपाशी ठेवू, मग थोडं थोडं चारू." आम्ही टाकीत अगदी बेतानं चुन्याचं पाणी सोडत गेलो. रोज सकाळी अक्का आतलं पाणी बोटावर घेऊन वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या. मग ताज्या शेणाचा मूठभर काला. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. आत बाळंतीण असावी तसं घर दबकून वागत होतं. बरेच दिवस गेले. मी मनातून आशा सोडली होती. एका सकाळी शेगडीपाशी काडी ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक. धावत गेलो. बोटभर निळी ज्योत थरथरत होती. अक्का शेगडीपुढे फतकल मारून बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

यानंतर आले गाड्या तपासणारे साहेब. तरणे, हुशार, कडक इस्त्रीचे. अशोक स्तंभापाशी त्यांनी गाडी अडवली, टपावरचं ते प्रकरण खालून वर पाहिलं आणि विचार करायला म्हणून सिगारेट पेटवली. अक्कांच्या हातात दुधाचं माप होतं. ते सगळं दूध साहेबांच्या सिगारेटवर, हातावर, शर्टाच्या बाहीवर गेलं.

मला वाटलं, आता गाडी जप्त. साहेब लालबुंद झाले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "वर गॅस हाय, साहेब. पोळला असतात."

साहेबांनी बाही पिळली. "बाई, हे असलं कुठल्या कायद्यात बसतं?"

"नाय बसत. म्हणून तर टपावर बसवलंय."

गर्दी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी गॅसवर गाडी रस्त्यावर आणायला मनाई केली. अक्का दुसऱ्या दिवसापासून पेट्रोलवर दूध नेऊ लागल्या आणि येताना रोज साहेबांच्या कचेरीत जाऊन बसू लागल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या बाकावर बसायच्या. साहेब आले की म्हणायच्या, "एकदा गाडीत बसून बघा. मग नाय म्हणा." चपराशी त्यांना पाणी द्यायला लागला. कारकुनांच्या घरच्या लग्नामुंजींच्या गप्पांत त्या सामील व्हायला लागल्या. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाले, "बरं. येतो."

साहेब आले, केबिनमध्ये अक्कांच्या शेजारी बसले. मी मागे दुधाच्या कॅनजवळ. पिशवी टम्म. गाडी छान चालली होती. साहेब दोरीबद्दल, तोटीबद्दल विचारत होते आणि अक्का उत्तरं देत होत्या. एवढ्यात समोरून उसाची बैलगाडी आली. अक्कांनी ट्रक कडेला घेतला आणि वर वडाची मोडकी फांदी होती ती कुणालाच दिसली नाही.

चर्र असा लांबलचक आवाज झाला. मग फुस्स, आणि अंगावर शेणकुटाचा दमट वास.

अक्कांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं. "उतरा!" त्या ओरडल्या. "पळा लांब! बैलगाडीवाले, विडी हाय का तोंडात? थुंक!" त्यानं विडी थुंकली, ती त्यांनी स्वतः धावत जाऊन पायानं मातीत दाबली. चपलेनिशी नव्हे, चप्पल कुठेतरी पडली होती. पिशवी टपावर हळूहळू मरत होती. गॅस हवेपेक्षा हलका, तो वरच्या वर निघून गेला. कुणाला काही झालं नाही. थोड्या वेळानं वडावरचे पक्षी पुन्हा ओरडू लागले.

साहेब रस्त्याच्या कडेला उभे होते. ते म्हणाले, "अक्का, हेच मेन रोडला झालं असतं तर? दिवाळीच्या दिवसांत? मी परवानगी देऊ शकत नाही."

मला वाटलं, अक्का आता वाद घालतील. त्या फाटलेल्या पिशवीकडे बघत होत्या.

"बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "मी चुकीच्या जागी बांधली. तुम्ही नसतात तरी ती कधीतरी फाटलीच असती." मग त्यांनी विचारलं, "साहेब, कुठं बांधली तर तुम्ही निर्धास्त बसाल?"

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. परवानगी मागायला आलेली माणसं त्यांनी खूप पाहिली असतील. चूक दाखवल्यावर तिथंच उभं राहून पुढचं विचारणारं माणूस पाहिलं नसावं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर चौकोन काढायला सुरुवात केली. मी पुढे झालो. आम्ही तिघं त्या वडाखाली उकिडवे बसलो, आणि बैलगाडीवाला मध्येच डोकावून सांगू लागला, पिंजरा करा, पिंजरा.

पिंजराच केला. पिशवी टपावरून काढून मागच्या हौद्यात ठेवली. भोवती लाकडी पट्ट्यांचा मजबूत पिंजरा, वरून उघडा, म्हणजे गळती झालीच तर वरच्या वर जावी. केबिन आणि पिंजरा यांच्यामध्ये पत्रा. नळीला आणखी एक कॉक, तो बाहेरूनही बंद करता येईल असा. या सगळ्यात दुधाची निम्मी जागा गेली. अक्का म्हणाल्या, "मग दोन खेपा मारू."

साहेबांनी तो पिंजरा हलवून, ओढून, वर चढून पाहिला. मग वरच्या साहेबांशी भांडून त्यांनी तात्पुरती परवानगी मिळवून दिली. गिरणाऱ्यापासून शहराच्या अलीकडच्या नाक्यापर्यंतच, गर्दीत नाही. नाक्यावरून पुढे गवळ्यांनी सायकलींना कॅन बांधून दूध न्यायचं. दर सहा महिन्यांनी तपासणी. तपासणीला साहेब स्वतः यायचे, आणि यायच्या आधी सिगारेटचं पाकीट कचेरीतच ठेवून यायचे.

अशी ती गाडी वर्षानुवर्षं चालली. दलालाकडे गेलेल्या बायका परत आल्या. माझं लग्न झालं, बायको त्याच मागल्या अंगाच्या खोलीत आली, मोरीची कडी तिनंच शेवटी बसवली. आजूबाजूचे मळे जाऊन बंगले उठू लागले. नव्या बंगल्यांतल्या बायका अक्कांच्या गाडीला नाक मुरडायच्या आणि दूध मात्र त्यांच्याकडूनच घ्यायच्या.

मग एका सकाळी अक्का दुगावच्या वळणावर मधोमध गाडी थांबवून बसल्या. मागून एसटी हॉर्न वाजवत होती. मी त्या दिवशी बरोबर होतो. म्हणालो, "काय झालं?"

"पुढं काय हाय, इंजिनियर?"

पुढे रस्त्यात म्हशीचं रेडकू उभं होतं. तपकिरी, मोठं, स्वच्छ उन्हात.

"रेडकू आहे."

"मला धुकं दिसलं," अक्का म्हणाल्या. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही न्या गाडी. आजपासून मी नाय चालवायची."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, तोही पिकलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. मी कारखान्यात जाणारा माणूस, रोज गाडी कोण नेणार? पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिले, अक्का शेजारी बसून असायच्याच. एकाला शेणाची लाज वाटायची, दुसरा विडी सोडेना. दीर म्हणाले, "आता तरी विका, वहिनी. दूध संघाची डिझेल गाडी यायला लागलीय म्हणतात वस्तीवर."

संघाची गाडी डांबरी रस्त्यानं यायची. आतल्या वस्त्यांवर ती वळत नव्हती. अक्कांनी दूध घालणाऱ्या सगळ्या बायकांना ओसरीवर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "ज्यांना डांबरी जवळ हाय त्यांनी संघाला घाला. माझ्या हट्टापायी कुणाचं दूध नासायला नको. ज्यांना लांब पडतं त्यांच्यासाठी गाडी चालंल. पण चालवायला तुमच्यातली एक पाहिजे."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. हौसाबाई म्हणून एक होती, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, तीन म्हशींची. बोलायची फार कमी. ती म्हणाली, "अक्का, म्या औत हाकलंय. गाडी नाय."

"औत हाकताना बैल तुझं ऐकतात का?"

"ऐकत्यात."

"मग झालं. हे त्यांच्यापेक्षा शहाणे हायेत."

शिकवणं सोपं गेलं नाही. हौसाबाई क्लच सोडताना डोळे मिटायची. वळणावर तोंडानं 'हर्र हर्र' करायची. एकदा तिनं थेट टोमॅटोच्या वाफ्यात गाडी घातली. अक्का शेजारी बसून ओरडत, शिव्या देत, पुन्हा पहिल्यापासून. अंधुक डोळ्यांनी त्यांना रस्ता दिसत नव्हता, पण इंजिनाच्या आवाजावरून हौसाबाईचा पाय कुठं आहे ते कळायचं. "उचल! अगं, उचल पाय, गुदमरतायत ते!" हौसाबाईचा नवरा एकदा तिला न्यायला आला, म्हणाला, लोक हसतात. अक्कांनी त्याला शेणाचा काला करायला बसवलं. तोही मग येत राहिला. पुढे लायसन्सची परीक्षा झाली, ती घ्यायला आमचे जुने साहेबच होते. बदली होऊन गेलेले ते फिरून नाशकात आले होते. त्यांनी हौसाबाईला काडीचीही सूट दिली नाही. पहिल्या खेपेला नापास केलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

तिची एकटीची पहिली खेप होती त्या सकाळी आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. माझी बायको, दीर, शेजारणी. कॅन चढवले, पिंजऱ्यातली पिशवी भरली. अक्कांना शेजारी बसायचं होतं. हौसाबाई खाली मान घालून म्हणाली, "अक्का, तुम्ही बसला तर म्या तुमच्याकडंच बघत बसंन."

अक्का दोन पावलं मागं झाल्या.

हौसाबाईनं पेट्रोलवर इंजिन चालू केलं, तापू दिलं. मग कॉक बंद करून दोरी ओढली. एकदाच अडखळलं आणि आवाज सुरात आला. गाडी हलली, गिअर जरा कुरकुरला, मग ती आंब्याखालून निघाली आणि द्राक्षाच्या मळ्यांमधल्या रस्त्याला लागली. अक्कांना ती वळणापर्यंत दिसली नसणार. त्या मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. आवाज बारीक होत गेला, ओढ्याच्या उतारावर जरा खाली गेला, चढावर पुन्हा वर आला, आणि मग मळ्यांत विरला.

"इंजिनियर," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं मी आतच बसले. बाहेरून असा येतो होय ह्यांचा आवाज?"

मी त्यांच्याजवळ नुसता उभा राहिलो.

मग त्यांनी पदर खोचला आणि चाचपडत परसाकडे वळल्या. जाता जाता माझ्यावर खेकसल्या, "उभे काय ऱ्हायलात? दुसऱ्या खेपेला येईल ना ती. शेण कालवायला घ्या."